काकासाहेबांचा पाठ क्रमांक एक

शाळेतलं शिकवणं सोडून बाकी सगळं ज्याला जमतं, त्याला मार्गदर्शक म्हणतात. ही व्याख्या कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. पण वाटूर फाट्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या त्या शाळेत ती अठरा वर्षं बिनबोभाट चालू होती. मार्गदर्शकांचं नाव काकासाहेब. मूळचे केदारखेड्याचे, नोकरीपायी वाटूरला घर बांधून राहिलेले, वय चौपन्न, विषय विज्ञान, व्यसन सुपारीचं. शर्टाच्या खिशात पेन नसला तर त्यांचं अडत नसे, पण पँटच्या खिशात पितळी अडकित्ता नसला की त्यांना सुचेनासं होई. स्टाफरूमच्या खिडकीजवळची खुर्ची त्यांची. तिथं दुसरं कुणी बसत नसे, कारण ती कधी रिकामीच नसे.

जिल्ह्यातल्या एका बी.एड. कॉलेजातून (नाव घेऊन त्याची कीर्ती वाढवायचं कारण नाही) दरसाल सहा-सात छात्राध्यापक त्या शाळेत येत. आंतरवासिता म्हणतात त्याला. म्हणजे शिकाऊ पोरापोरींनी खऱ्या वर्गावर जाऊन पाठ घ्यायचे, जुन्या शिक्षकानं मागच्या बाकावर बसून ते पाहायचे, कुठं चुकलं ते सांगायचं, आणि मन झालं तर स्वतः शिकवून दाखवायचं. काकासाहेबांचं मन कधी झालं नाही. पहिल्या दिवशी ते सगळ्यांना समोर उभं करत, सुपारीचं खांड गालात सरकवत आणि म्हणत, "मी तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य देतो." एवढं बोलून ते आपलं वेळापत्रक त्यांच्या हवाली करत. आपले सगळे तास, आपल्या उत्तरपत्रिका, ऑनलाइन भरायची सरकारी माहिती, दैनिक टाचणाची वही, सगळं त्या स्वातंत्र्यात येत असे. आयत्या बिळावर नागोबा असतो, पण हा नागोबा दरवर्षी बीळ उकरणाऱ्यांना गुणही द्यायचा.

शिकाऊ मंडळी जाताना निरोप समारंभ करत. शाल, नारळ आणि बहुधा भिंतीवरचं घड्याळ, त्यावर ‘छात्राध्यापकांतर्फे सप्रेम भेट’. काकासाहेबांच्या वाटूरच्या घरात अशी अकरा घड्याळं होती. बायको तुळजाबाई सेल टाकून टाकून कंटाळली आणि तिनं ती बंदच ठेवली. अकरा घड्याळांचा धनी असूनही हा माणूस प्रार्थनेला कधी वेळेवर पोचला नाही.

पाठ झाला की शिकाऊंच्या वहीत शेरा द्यावा लागे. काकासाहेबांकडे तीन शेरे होते. ‘आवाजात चढ-उतार हवा’, ‘फलकलेखन सुधारावे’ आणि ‘आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही’. हे तिन्ही ते पाळीपाळीनं लिहीत, खुर्चीतून न उठता. एका वर्षी कल्याण नावाच्या पोरानं गडबडीत आपल्या पाठावर पोळ्याची तारीख टाकली. पोळ्याला शाळा बंद होती. तरी त्याखाली काकासाहेबांच्या वळणदार अक्षरात शेरा पडलाच की आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. कॉलेजनं त्यावर शिक्का मारून वही परत दिली.

आता कुणी म्हणेल, माणूस जन्मतःच असा नसतो. नसेल. काकासाहेब स्वतः बी.एड. करत होते तेव्हा जुन्या जालन्यातल्या एका शाळेत त्यांनी आपला पहिला पाठ घेतला होता. उष्णतेचं वहन. स्पिरिटचा दिवा पेटेना, तीन काड्या विझल्या, चौथीनं बोट भाजलं आणि अख्खा वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरच्या मार्गदर्शकानं मान वर केली नाही. तो वर्तमानपत्र वाचत होता. खाली त्यानं लिहिलं, ‘प्रयत्न चांगला’. ते हसणं काकासाहेबांच्या कानातून कधी गेलं नाही. नोकरी लागल्यावर पहिली दहा वर्षं त्यांनी खुर्चीत बसून गाईड वाचून दाखवलं, पोरांकडे न बघता. मग शाळेत शिकाऊ यायला लागले आणि तेवढंही करायची गरज उरली नाही. भीती कुणाला वाटत नाही? पहिल्यांदा वर्गासमोर उभं राहताना भल्याभल्यांचे पाय लटपटतात. पण त्या भीतीत घर करून अठ्ठावीस वर्षं राहायचं आणि दारावर ‘मार्गदर्शक’ अशी पाटी लावायची, याला निबरपणा लागतो. काकासाहेबांकडे तो होता.

मग त्या शिकाऊंना शिकवत कोण होतं? कारण शिकून जात होते ते, हे खरं. आल्या दिवशी घाबरून फळ्याकडे तोंड करून बोलणारी पोरं जाताना चांगली तयार होऊन जात. काकासाहेब याचं श्रेय स्वतःच्या स्वातंत्र्य देण्याला देत.

श्रेय होतं सहावीच्या वर्गाचं. पाचवीत पाऊल टाकल्यापासून त्या पोरांनी विज्ञानाला शिकाऊंखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांत तेरा-चौदा माणसं त्यांच्यासमोर थरथरत उभी राहून गेली होती. त्यातून वर्गाची एक रीत पडली होती आणि ती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे आपोआप येत होती. नवा माणूस आला की मॉनिटरनं विचारायचं, "कितवा पाठ?" पहिला असला की सगळ्यांनी सांभाळून घ्यायचं. पाणी प्यायला जाऊ का विचारायचं नाही, अवघड प्रश्न काढायचा नाही, मास्तर अडला तर पुढच्या बाकानं हळूच शब्द पुरवायचा, हसायचं तर बिलकुल नाही. पाचव्या पाठापासून सवलत बंद. मग पोरं खरे प्रश्न विचारत आणि उत्तर आलं नाही तर उद्या घेऊन या म्हणत. ही रीत पाळवून घ्यायचं काम यंदा मीनाकडे होतं. गावातल्याच शेतकऱ्याची पोर, अंगानं वाळकी, आवाज खणखणीत. आगपेटीत खडूचे तुकडे जपून ठेवायची, कारण शिकाऊंच्या हातून खडू फार मोडतात हे तिला माहीत होतं.

या वर्षीच्या शिकाऊंत इरम होती. जुन्या जालन्यातली, वडलांचं छोटं कापडाचं दुकान. घरात उर्दू, शाळा-कॉलेज मराठीत. रोज एसटीनं वाटूर फाटा आणि तिथून काळीपिवळी जीप, असं करून ती साडेनऊला हजर असे. तिचा पहिला पाठ लागला तेव्हा मीना दारातच उभी होती.

"मॅडम, कितवा पाठ?"

"पहिला," इरम म्हणाली.

मीनानं वर्गाकडे वळून एक बोट वर केलं. चाळीस पोरं चिडीचूप झाली. इरमचं फळ्यावरचं लिखाण उतरत उतरत कोपऱ्यात गेलं तेव्हा पुढच्या बाकावरून हळू आवाज आला, "वरून लिवा, मॅडम, मागं दिसत न्हाई." तास संपल्यावर इरम डोळ्यांत पाणी आणून तक्ता गुंडाळत होती. मीनानं तिला डस्टर दिलं आणि म्हणाली, "पहिल्या पाठाला असंच होतं, मॅडम. पाचव्यापसून बराबर येतं." हा असतो शेरा. वहीत नसतो तो, एवढंच.

इरम मात्र वेडी होती. तिला वाटलं, मार्गदर्शकाला विचारावं. ती स्टाफरूममध्ये गेली आणि म्हणाली, "सर, तुम्ही एक दिवस माझ्या तासाला बसता का? माझं कुठं चुकून राह्यलं ते कळंल."

काकासाहेबांनी अडकित्त्यात सुपारी धरली होती. ती त्यांनी आधी कातरून घेतली. मग म्हणाले, "अगं, मी बसलो की तुझ्यावर दडपण येतं. लांबून बघणं ही बी एक पद्धत हाय." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंटावर बसावं तरी लागतं. काकासाहेब खुर्चीवरून हाकत होते.

दिवस असे बरे चालले होते. पण शाळेचे पर्यवेक्षक महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते आणि सेवाज्येष्ठतेनं पुढचा नंबर काकासाहेबांचा होता. या पदावर त्यांचा किती जीव होता ते तुळजाबाईला ठाऊक, कारण रोज रात्री जेवताना तिला तेच ऐकावं लागे. पगारात फारसा फरक नव्हता. पण पर्यवेक्षकाला वेगळी खोली असते, आणि तास नावापुरते. ते नावापुरते तासही कुणाकडे ढकलता येतात. उरलेली चार वर्षं वर्गात पाय न ठेवता निघून जातील, शिकाऊ येवोत न येवोत; काकासाहेबांना हवं होतं ते एवढंच. ते खुर्चीवर टाकायचा पांढरा टॉवेलसुद्धा जालन्याहून घेऊन आले होते.

संस्थेचे सचिव राधेश्यामशेठ जुन्या जालन्यातले धान्याचे व्यापारी. एरवी ते झेंडावंदनाला आणि प्रवेशाच्या दिवसांत तेवढे शाळेत दिसत. ऑगस्टमध्ये ते आले, मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेतला आणि काकासाहेबांना बोलावलं.

"काकासाहेब, पर्यवेक्षक म्हणजे दुसऱ्याचा तास तपासणारा माणूस. बराबर?"

"बराबर, शेठ."

"तुमचा तास आम्ही कधी पाह्यलाच नाही. धान्य घेताना मी पोत्यात हात घालतो. गुरुवारी चौथा तास. कॉलेजचे प्राचार्य येतील, सगळे शिकाऊ बसतील, मी बसतो. एक दिग्दर्शन पाठ द्या आणि माझी सही घ्या."

दिग्दर्शन पाठ म्हणजे अनुभवी माणसानं शिकाऊंना दाखवण्यासाठी घेतलेला नमुन्याचा तास. काकासाहेबांच्या हाताखाली अठरा बॅच गेल्या, पण असा पाठ त्यांनी एकाही बॅचला दाखवला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि शेठनी ती उघडायला सांगितली होती. वर्गातून कायमचं सुटायचं तर एकदा वर्गात जावं लागणार होतं.

सोमवारी त्यांनी ब्लडप्रेशर काढलं. मुख्याध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "तब्येत बरी नसली तर पर्यवेक्षकाचं झेंगट कशाला घेता? खालच्या नंबरला विचारतो मी." दुपारपर्यंत ब्लडप्रेशर उतरलं होतं. मग काकासाहेबांनी इरमला हाक मारली.

"इरम, सहावीचा साध्या यंत्रांचा धडा हाय ना? त्यातल्या तरफेवर एक टाचण लिहून दे. सविस्तर. प्रश्न, अपेक्षित उत्तर, विद्यार्थी काय करतील, समदं. तक्ता बी काढ."

"जी सर. तुमच्या पाठासाठी?"

"तुझाच अभ्यास होतो ना त्यानं. आणिक ऐक, बुधवारी हाच पाठ तू घे. पोरांची तयारी हून जाईल."

इरम थबकली. "सर, मंग गुरुवारी त्यांना नवीन काय ऱ्हाईल?"

"नवीन कशाला पाह्यजे? उत्तर पाह्यजे."

तिनं टाचण लिहिलं. सात पानं. ते देताना तिनं भीत भीत विचारलं, "सर, सुट्टीत एकदा माझ्यासमोर घेऊन बघता का? मी बी तसंच करते, घरी आरशापुढं."

काकासाहेब इतके हसले की सुपारी घशात गेली. "मला सांगून राह्यली का तू? अठ्ठावीस वर्षं झाली, पोरी." स्टाफरूममधले बाकीचेही हसले. इरम मान खाली घालून निघून आली. सुधारायची संधी माणसाच्या दारात चालत आली होती, तीही ओढणी सावरत आणि अदबीनं. तिला हसून घालवून द्यायला मार्गदर्शकच लागतो.

बुधवारी इरमनं वर्ग मैदानात नेला. शिपाई वसंताकडून पहार आणली आणि नळाजवळचा दगड पोरांना दाखवला. हा दगड वसंताला नुसत्या हातांनी हलला नव्हता. मीनानं पहारीखाली वीट ठेवली, लांबच्या टोकाला लोंबकळली आणि दगड उचलला गेला. पोरांनी एवढा कल्ला केला की दहावीचा वर्ग खिडक्यांत आला. मग वीट जवळ घेतली, लांब घेतली, मधे घेतली. टेकू, भार, बल हे शब्द पोरांच्या तोंडात बसून गेले. कात्री, चिमटा, अडकित्ता, कशाचा टेकू कुठं असतो ते पोरांनी भांडून भांडून ठरवलं. इरमचा तो चौदावा पाठ होता. स्टाफरूमच्या खुर्चीतून काकासाहेबांनी त्याखाली लिहिलं, ‘आवाजात चढ-उतार हवा’.

गुरुवारी ते नवीन बुशशर्ट घालून आले. मागच्या भिंतीशी खुर्च्यांवर शेठ, प्राचार्य आणि मुख्याध्यापक. बाजूला सहा शिकाऊ वह्या उघडून. मीना दारात होती. वेळापत्रकावर विज्ञानासमोर यांचं नाव असतं, व्हरांड्यातून जाताना सुपारीचा वास येतो, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. पण या सरांना शिकवताना वर्गातल्या कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हा तिनं रीतीप्रमाणे हळूच विचारलं, "सर, कितवा पाठ?"

काकासाहेबांना ऐकू आलं नाही. त्यांच्या हातात सात पानं होती आणि ती थरथरत होती. मीनाच्या नजरेतून ते सुटलं नाही. ती जागेवर गेली, वर्गाकडे वळली आणि एक बोट वर केलं.

काकासाहेबांनी फळ्यावर ‘तरफ’ लिहिताना खडू दोनदा मोडला. पुढच्या बाकावरून मीनाची खडूंची आगपेटी टेबलावर आली. त्यांनी टाचण तोंडासमोर धरलं आणि वाचायला सुरुवात केली.

"तरफ म्हणजे काय? अपेक्षित उत्तर, टेकूभोवती फिरू शकणारा दांडा."

शिकाऊंपैकी कुणीतरी खोकलं. इरमनं वहीत डोकं घातलं. टाचणात डाव्या बाजूला शिक्षकानं काय बोलायचं ते असतं आणि उजव्या बाजूला पोरं काय करतील ते. डावीकडचं बोलायचं आणि उजवीकडचं मनात ठेवायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकाऊंनाही कळतं. काकासाहेब डावीकडून उजवीकडे सरळ वाचत सुटले.

"टेकू कशाला म्हणतात? विद्यार्थी हात वर करतील."

मग मीनानं हात वर केला आणि तिच्या मागोमाग चाळीसच्या चाळीस हात वर गेले.

"विद्यार्थी आकृती वहीत काढतील." पोरांनी वह्या उघडल्या आणि आकृती काढायला लागली. "विद्यार्थी आपसात चर्चा करतील." पोरांनी एकमेकांकडे तोंडं करून कुजबुज केली आणि मीनानं बाकावर टिचकी मारताच थांबवली. एकही पोर हसलं नाही. तीस वर्षांपूर्वी जुन्या जालन्यातली पोरं हसली होती त्याहून शंभरपट हसण्यासारखं समोर चाललं होतं, आणि ही अकरा-बारा वर्षांची लेकरं गाल आत ओढून एका घाबरलेल्या माणसाला पैलतीरावर नेत होती. मागं राधेश्यामशेठ प्राचार्यांच्या कानात म्हणाले, "शिस्त पाह्यली का? नुसतं म्हणतात आणि होऊन जातं."

प्राचार्यांना बोलल्याशिवाय राहवेना. ते म्हणाले, "सर, तक्त्याबाहेरची, रोजच्या वापरातली एखादी तरफ दाखवता का?"

हे सात पानांत नव्हतं. काकासाहेबांना दरदरून घाम फुटला. तो पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर पितळी अडकित्ता टेबलावर खणकन पडला.

"वा!" प्राचार्य म्हणाले. "शैक्षणिक साधन खिशातच. बरं, याचा टेकू कुठं?"

रोज दहा-वीस वेळा, अठ्ठावीस वर्षं हा माणूस अडकित्ता चालवत आला होता. त्यांनी तो उचलला, उघडला, मिटला, आणि सुपारी ठेवतात तिथं, पात्यांच्या मधोमध बोट ठेवलं. "इथं," ते म्हणाले.

इरमनं डोळे मिटून घेतले. शिकाऊंच्या वह्यांवरचे पेन थांबले. शेठनी प्राचार्यांकडे पाहिलं आणि प्राचार्य छताकडे बघायला लागले. तेवढ्यात मीना उभी राहिली.

"सर, तुम्ही मुद्दाम चुकलात न्हवं? आमचं ध्यान हाय का बघायला?" उत्तराची वाट न बघता ती टेबलापाशी आली आणि तिनं त्यांच्या हातातून अडकित्ता घेतला. "टेकू हितं ऱ्हातो, जोडापाशी. सुपारी मधी, म्हंजी भार मधी. आणि आपण जोर लावतो हिकडं, मुठीपाशी. टेकूपसून जोर लांब, म्हणून सुपारी फुटती. दातानं फुटत न्हाई." तिनं रिकामा अडकित्ता एकदा दाबून दाखवला.

राधेश्यामशेठनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. "याला म्हणतात अनुभव," शेठ उभे राहत म्हणाले. "चूक आपण करायची आणि बराबर उत्तर लेकराकडून काढून घ्यायचं. प्राचार्यजी, तुमच्या पोरांना लिहून घ्यायला सांगा हे." शिकाऊंनी लिहून घेतलं. पाच जणांनी. इरमनं पेनाला टोपण लावलं होतं.

घंटा झाली. पाहुणे चहाला गेले, शिकाऊ त्यांच्या मागं गेले. काकासाहेब टेबलावरची पानं गोळा करत होते आणि ती जुळत नव्हती. मीना जवळ आली. तिनं अडकित्ता फडक्यानं पुसून त्यांच्या पुढ्यात ठेवला, आगपेटी परत घेतली आणि मोठ्या माणसासारखं म्हणाली, "सर, पहिला पाठ हुता न्हवं तुमचा? पहिल्या पाठाला असंच होतं. मनाला लावून घेऊ नका. पाचव्यापसून बराबर येतं."

काकासाहेबांना खेकसायचं होतं. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. तिला त्यांची कीव आली होती, आणि ते त्यांना लख्ख कळलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यांना आपली लाज वाटली, खरोखरची लाज, पार घशापर्यंत आलेली. ती त्यांना सहावीच्या दारापासून मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत पुरली. आत गेल्यावर शेठनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला आणि कागदावर सही केली.

पहिल्या तारखेपासून काकासाहेब पर्यवेक्षक झाले. टॉवेल टाकलेली खुर्ची, टेबलावर घंटी, हाताखाली वसंता. तुळजाबाईनं अख्ख्या गल्लीला चहा पाजला. सहावीचं विज्ञान अर्थातच इरमकडे ठेवलं, पूर्ण स्वातंत्र्य देऊन.

चौथ्या-पाचव्या दिवशी ते काखेत रजिस्टर मारून व्हरांड्यातून फेरी मारत होते. सहावीच्या खिडकीपाशी आले तेव्हा आतून मीनाचा खणखणीत आवाज आला आणि त्यांचे पाय थांबले.

"मॅडम, त्या सरांचा दुसरा पाठ कवा हाय? आम्ही वाट बघून राह्यलो."

"कोणत्या सरांचा?"

"त्या अडकित्त्याच्या. आम्ही ठरवलंय, दुसऱ्याला बी पहिल्याएवढंच सांभाळून घ्यायचं. त्यांना जरा जास्त भ्या वाटतं."

खडू ठेवल्याचा आवाज आला.

"त्यांचा दुसरा पाठ न्हाई आता," ती म्हणाली. "ते पास झाले."

मग मीनानं विचारलं, "एकाच पाठात?"

"एकाच पाठात. चला, वह्या काढा."

काकासाहेब आल्या पावली मागं फिरले. खोलीत गेले, दार लोटलं, अडकित्ता काढला, पण सुपारी न कातरताच परत खिशात ठेवला. मग त्यांनी सूचना वही पुढं ओढली आणि पर्यवेक्षक म्हणून आपली पहिली सूचना वळणदार अक्षरात लिहून काढली. दुसऱ्या दिवशी वसंतानं ती वर्गावर्गांतून फिरवली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. इरमनंही सही केली. सूचनेत लिहिलं होतं की इयत्ता सहावीची व्हरांड्याकडील खिडकी तास चालू असताना बंद ठेवण्यात यावी.